आंदणात बदललेली कालवड

बाबा,

रविवार, १२ मे १९८५, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. वेळ मला इतकी पक्की ठाऊक आहे, कारण माझ्या सासरकडचे एक मामा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन सारखे वेळ पुकारत होते. हिवरखेडहून तिवस्यापर्यंतचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, मेटॅडोरचा ड्रायव्हर कुरकुरतोय, चला, उरका. ‘चार वीस’ असं ते म्हणाले आणि तेव्हाच माझ्या हातात आंदणाच्या कालवडीचं दावं आलं. ते तुम्ही दिलंत. आपल्या घरची रीत अशी की पाठवणीच्या आधी नवरी आंदणाच्या जनावराला कुंकू लावते, पाठीवरून हात फिरवते आणि दावं नवऱ्याच्या हाती देते. मी कुंकवाचं बोट तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याखाली टेकवलं आणि सवयीने दुसरा हात तिच्या उजव्या कानाकडे नेला. कान अख्खा होता.

मी वाढवलेल्या चांदणीचा उजवा कान अख्खा नव्हता. ती चार महिन्यांची असताना कुंपणाच्या तारेत अडकून तो टोकाशी फाटला होता आणि हळद मी स्वतः भरली होती. रोज तिला खाऊ घालताना त्या फाटलेल्या टोकाशी माझा अंगठा जायचा. त्या दिवशी तिथे अंगठ्याला काही लागलं नाही, आणि कालवडीने मान झटकून मागे घेतली. चांदणी माझ्या हाताला चुनीचा वास शोधत पुढे यायची, ही मागे सरकली. मग मी पदराच्या आडून खाली पाहिलं. पोट दोन्ही बाजूंनी लोंबलेलं, केस राठ, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. रंग तोच, ठिपका तोच, कारण दोघी एकाच आठवड्यातल्या, जनावरांच्या दवाखान्यातल्या एकाच जर्सी वळूच्या. पण ती चांदणी नव्हती. शेजारच्या खुंट्यावरची दुसरी होती.

मी ओठ न हलवता म्हटलं, “बाबा, हे आपली चांदणी नाई.”

तुम्ही समोर पाहत, हसत म्हणालात, “चूप बस. लोक पाहून राह्यले.”

लोक पाहत होतेच. नवरी मान खाली घालून रडते आहे असं त्यांना वाटलं, आणि दोन बायकांनी तर माझ्याबरोबर डोळेही पुसले. मी रडत नव्हते. मी त्या पोटाकडे पाहत होते. कॉन्व्हेंटमध्ये इतकी वर्षं घालवून मला चार माणसांत बोलता येतं असा माझा समज होता. तो त्या दुपारी संपला. नवरीला मांडवात तोंड नसतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. तेवढ्या वेळापुरतीच मी मुकी होते, आणि तुम्ही नेमकी तीच वेळ साधलीत.

आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तेव्हा सगळं सुरुवातीपासून सांगते.

आई गेल्यावर तुम्ही मला अमरावतीला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात ठेवलंत. लोकांना सांगताना छाती फुगवून सांगायचात, लेक इंग्रजीत शिकून राहिली. मी तिथे इंग्रजी शिकले तशीच शेणही भरायला शिकले, हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. बोर्डिंगच्या मागे सिस्टरांचा गोठा होता, मुलींच्या दुधापुरता. उलट उत्तर दिलं की शिक्षा म्हणून गोठ्यात पाठवत. माझी जीभ तेव्हाही अशीच होती, त्यामुळे मी वर्गापेक्षा गोठ्यात जास्त वाढले. गोठा सांभाळणाऱ्या सिस्टर उंच, कडक, दक्षिणेकडच्या. मराठीत त्यांना गाईला हाक मारण्यापुरते शब्द येत. अकोल्याच्या दालमिलमधून त्यांच्याकडे तुरीची चुनी यायची, डाळ भरडताना निघालेला चुरा आणि टरफलं. आसपासच्या खेड्यांतून तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार यायचं. खळ्यावर दाणे निघाले की मागे जो पाला, शेंगांची टरफलं आणि बारीक काड्या उरतात, ते. त्यांच्या कालवडी याच उरल्यासुरल्यावर वाढत, आणि आपल्या गावातल्या सरकीच्या ढेपेवर पोसलेल्या जनावरांपेक्षा अंगाने सरळ, चमकदार निघत.

पण वासराला कुटार त्या लवकर देत नसत. एकदा मी एका कोवळ्या वासरापुढे कौतुकाने कुटाराची मूठ धरली, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. पोट हे शाळेसारखं असतं म्हणाल्या, मधली इयत्ता गाळून वर ढकलायचं नाही. आधी दूध. मग दुधासोबत मूठभर भरडा, चाटण्यापुरता. मग कोवळा पाला. वासरू शांत बसून नीट रवंथ करायला लागलं की मग कुटार, तेही काड्या वेचून, थोडी चुनी मिसळून. आणि एकदा का कालवड वर्षाची होऊ घातली, की मग कुटार हाच तिचा मुख्य घास; वरून चुनी, किंचित ढेप, मीठ आणि भरपूर पाणी. त्या वयात जास्त लाड करायचे नाहीत. हे सगळं मी व्याकरणापेक्षा आधी पाठ केलं.

बी. ए. होऊन मी हिवरखेडला परत आले तेव्हा आपल्या गोठ्यात नेमकं उलटं चाललेलं होतं. खाण्याचा क्रम तुम्ही घालून दिलेला. आधी बैल, कारण ते कामाचे. मग दुभत्या गाई. त्यांनी हुंगून, चिवडून, लाळ लावून सोडलेली गव्हाणीतली दांडकी वासरांपुढे. वासरू दीड-दोन महिन्यांचं झालं की त्याचं दूध तोडायचं आणि त्याला त्या दांडक्यांवर सोडायचं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, “जे देत नाई, ते मांगून खाईन.” आपल्या स्वयंपाकघरात काकू आणि मी कधी जेवायचो ते मला आठवलं, पण मी ते बोलले नाही. मी एवढंच म्हटलं की त्या आठवड्यात झालेल्या दोन वासरांपैकी एक मला द्या, माझ्या पद्धतीने वाढवते. तुम्ही हसलात. म्हणालात, “घे. हे तुही. आंदनात तुह्यासंगंच जाईन.” काकू ऐकत होती, भाऊ ऐकत होता. तुमचा शब्द चार कानांवर पडलेला आहे.

म्हणून एकाच खुंट्याजवळच्या दोन बहिणी दोन तऱ्हेने वाढल्या. चांदणीला मी सिस्टरांच्या इयत्तेप्रमाणे चढवलं. दुसरी तुमच्या क्रमाने, गव्हाणीतल्या उष्ट्यावर. लहानपणीच कोरडं दांडकं पोटात गेलं की ते पचत नाही, नुसतं साठतं. पोट ढोलासारखं होतं आणि अंग तसंच राहतं. मी दुसरीलाही चोरून भरडा घालायचे, तर तुम्ही एकदा मला पाहिलंत आणि टोपलं लाथेने उडवलंत. वर्ष सरता सरता गावातली माणसं चांदणीला पाहायला येऊ लागली. तेव्हा तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायला लागलात. तो हात मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

चांदणी माझ्यासाठी नुसती कालवड नव्हती. आंदणाच्या गाईचं दूध नवरीचं, हे आपल्याकडे सासूही मोडत नाही. लग्नानंतर वर्षभरात चांदणी व्याली असती, तिच्या दुधावर मी बी. एड. केलं असतं आणि कोणापुढे हात न पसरता शाळेत लागले असते. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावली होती. दावं बदलताना तुम्ही काय बदलताय ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं.

तिवस्याला मेटॅडोरमधून ती उतरली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. सासूबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, पोटावर थाप दिली आणि म्हणाल्या, “बापानं लेकीले इंग्रजी शिकवलं अन् कालवडीले ढोल वाजवाले शिकवलं.” सगळे हसले. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं. पुढे ते वाक्य मी किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. कालवड माजावर येईना. मलाही लवकर मूल होईना. सासूबाई एकाच श्वासात दोघींचा उद्धार करत, शेजारणीला सांगत, “दोघीयनं बी अजून काई दाखवलं नाई.” मी भांडी घासत असायचे आणि ती पलीकडे गोठ्यात रवंथ करत असायची. खरं तर रवंथ कसली, नुसतं तोंड हलवायची. मला कोणी नाव विचारलं तिचं, तर मी ‘दुसरी’ सांगितलं. लोक विचारायचे, मग पहिली कुठं हाय? मी म्हणायचे, बापाच्या घरी.

तिला मी फेकून दिलं नाही, बाबा. फेकून देण्याइतकी मी तुमच्यासारखी श्रीमंत नव्हते. बिघडलेलं पोट पुन्हा पहिलीत बसवायचं, असं मी ठरवलं. जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणलं. तिवस्याच्या शिवारात तूर निघाली की लोक कुटार खळ्यावरच सोडायचे. मी डोक्यावर पोतं घेऊन जायचे आणि चाळणीने काड्या काढून फक्त पाला आणि टरफलं आणायचे. बी. ए. झालेली सून खळ्यावर कुटार चाळते याची आधी थट्टा झाली, मग सवय झाली. चुनी भिजवून, गुळाच्या पाण्याचा हबका मारून, चिमूटभर मीठ टाकून मूठ मूठ वाढवत नेलं. केस बदलले. पोट आत गेलं, पाठ भरली. ती माजावर आली तेव्हा मी गोठ्यात एकटीच होते, आणि मी तिच्या मानेला मिठी मारली नाही, कारण मला आधी तुमची आठवण आली आणि राग आला.

यात तीन वर्षं गेली. बी. एड. तीन वर्षं मागे पडलं, नोकरी तीन वर्षं उशिरा लागली. मी निवृत्त झाले तेव्हा माझी सेवा तीन वर्षांनी कमी भरली. लोकांचे वडील लेकींना काय काय ठेवून जातात. तुम्ही माझ्या पेन्शनमध्ये दर महिन्याला दिसेल असं भोक ठेवून गेलात.

आणि मग तुम्ही आलात. दुसरी पहिल्यांदा व्याली त्या वर्षीची गोष्ट. तिच्या दुधाची चर्चा तिवस्यात होती, ती हिवरखेडपर्यंत पोचली असावी. तुम्ही पांढरं धोतर नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन आलात आणि घरात न येता आधी गोठ्यात गेलात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतेय. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवता. अगदी तसाच. माझे सासरे तिची तारीफ करतात, तेव्हा तुम्ही म्हणता, “पाहा इवाई, म्या म्हनलं होतं का नाई? लेकीले निवडून देल्ली.”

माझ्यासमोर तेव्हा नुकत्याच काढलेल्या दुधाची बादली होती, फेसासकट. मी चुलीवर पाणी ठेवलं, चहापत्ती टाकली, साखर टाकली आणि उकळू दिलं. कोरा चहा कपात ओतला. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “दूध नासलं.” त्या पुढे आल्या, बादलीवर ताट झाकलं आणि बाहेर जाऊन तुम्हाला म्हणाल्या, “काय करता इवाई, दूधच नासलं आज.” माझ्या सासूचं आणि माझं ज्या दिवशी जमलं तो दिवस हा. त्यानंतर तो ढोल त्यांनी पुन्हा कधी वाजवला नाही.

तुम्ही तो कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालात. ‘चांगला झाला’ असंही म्हणालात. निघताना पुन्हा गोठ्याकडे वळलात. कोणी पाहत नाही असं वाटून तुम्ही दुसरीचा उजवा कान दोन बोटांत धरलात, टोकापर्यंत नेलात आणि सोडून दिलात. मी पाहत होते. माझ्यात आणि तुमच्यात त्या गोष्टीबद्दल एवढाच काय तो संवाद झाला. त्यानंतर दोनेक वर्षांत तुम्ही गेलात.

चांदणीचं काय झालं ते मला तुमच्या तेराव्याला भावाकडून कळलं. माझ्या माघारी तुम्ही तिला स्वतः खाऊ घालत होतात. सरकीची ढेप, ज्वारीचं पीठ, गूळ. कुटार तिच्या जवळ आणू द्यायचा नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की कालवड चरबीने भरली आहे, अशी गाभ धरणार नाही, ढेप बंद करा, कुटारावर आणा. तुम्ही त्यांना म्हणालात, “माह्या घरची कालवड कुटारावर नाई राह्यत. ते गरिबाचं काम हाय.” ती दिसायला हत्तीसारखी झाली, लोक पाहायला येत, आणि ती एकदाही गाभण राहिली नाही. शेवटी तुम्ही तिला बाजारात नेऊन विकलीत. भाऊ हे सांगताना रडवेला झाला होता. मला रडू आलं नाही. मला आनंद झाला, बाबा. तुमचं तेरावं, पत्रावळी मांडलेल्या, आणि मी पाण्याचा जग हातात धरून मनातल्या मनात खूश झाले. मग रात्रभर मला तो फाटका कान दिसला. तिचा काय दोष होता? जिला उपाशी ठेवायला नको होतं तिला तुम्ही उपाशी ठेवलंत, आणि जिला थोडं कमी द्यायला हवं होतं तिला खाऊ घालून संपवलंत. एका बापाने एका गोठ्यात दोन्ही चुका केल्या, आणि गावात नाव मात्र मोठे जनावरवाले म्हणून.

आज माझ्या गोठ्यात जितक्या गाई आणि कालवडी आहेत, त्या सगळ्या दुसरीच्याच वंशातल्या, तिच्या पणतींच्याही लेकीनाती. शाळा सुटली, आता दिवसभर हेच. आपल्या भागात सगळीकडे सोयाबीन झालंय, तुम्ही पाहिलं नाहीत. पीक निघालं की लोक त्याच्या कुटाराला काडी लावतात, जनावर खात नाही म्हणून. काडी लावायच्या आधी मी ट्रॉली नेते. ते खरखरीत असतं, तोंडाला टोचतं; मी ते बारीक करून, भिजवून, तुरीच्या कुटारात मिसळून, चुनी टाकून मोठ्या कालवडींना देते. लहान वासरांना नाही. त्यांची इयत्ता वेगळी. जो गरिबाचा घास तुमच्या गोठ्यात येऊ शकत नव्हता, त्याच्यावर माझा गोठा उभा आहे, आणि तुमच्या गोठ्यात आज भावाची मोटरसायकल असते.

गेल्या आठवड्यात तो आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलगा नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात आहे, घरी थोडी शेती. मुलीने आधीच मला फोन केला होता. म्हणाली, “आत्या, मले सोनंनाणं काई नको. तुमच्या घरची एक कालवड द्या, मी तिथं गोठा करतो.” मला ती पोरगी आवडते, तिच्या तोंडात माझ्यासारखीच जीभ आहे. तिला मी लगेच हो म्हटलं. भाऊ आला तो फक्त कधी न्यायची ते विचारायला. गोठ्याच्या ओट्यावर बसला आणि मी त्याला अट सांगितली. कालवड मी देईन. पण पाठवणीच्या वेळी, मुलीने कुंकू लावायच्या आधी, त्याने मांडवात उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं की चाळीस वर्षांपूर्वी याच घरातून आंदणाची कालवड बदलून दिली होती, कोणी बदलली आणि कोणाच्या लेकीची बदलली.

त्याने खालची माती पायाने उकरली. मग म्हणाला, “ताई, मेलेल्या मानसाले कावून ओढतं मांडवात?”

“मी नाई ओढत. त्याईचा फोटो हारासकट राहीनच ना तिथं.”

“लोक का म्हनतीन?”

“मले चूप बस म्हनलं होतं, लोक पाहून राह्यले म्हनून. आता पाहू दे.”

तेव्हा त्याने ते सांगितलं. इतकी वर्षं त्याने ते पोटात ठेवलं होतं, कारण त्या दिवशी गोठ्यातून दावं धरून मांडवापर्यंत कालवड आणणारा तोच होता. त्या दुपारी तुम्ही स्वतः चांदणीचं दावं सोडायला गेलात. सोडलंत. मग तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिलात, आणि पुन्हा बांधलंत. शेजारचं सोडलंत आणि ते त्याच्या हातात देत म्हणालात, “लेक चालली. हे त राहू दे घरी.”

भाऊ म्हणाला, “त्याईचा जीव होता ताई तुह्यावर.” एवढं सांगितलं की मी विरघळेन असं त्याला वाटलं. मी त्याला चहा दिला, दुधाचा दिला, आणि विचारलं की जीव होता तर चांगली लेकीबरोबर जाते की वाईट? आठवण म्हणून ठेवायची होती तर दुसरी ठेवायची. तिला कोण नाही म्हणत होतं? ज्या प्रेमात चांगलं आपल्याकडे राहतं आणि वाईट दुसऱ्याच्या वाट्याला जातं, त्याला मी प्रेम म्हणत नाही. माझ्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनाही मी ते म्हणू दिलं नसतं. मुलगी मुकी झाली त्या घटकेला तिचं जे होतं ते काढून घ्यायचं आणि त्याला माया म्हणायचं, ही सबब मी चाळीस वर्षांनीही मान्य करत नाही. भाऊ शेवटी बरं म्हणाला. फक्त फोटोखाली उभा राहून नको, असं म्हणाला. मी म्हटलं, फोटोखालीच. लोकांची नजर तुमच्या हारावर जाईल, मग तुमच्या तोंडावर, आणि तुम्हाला एक शब्द बोलता येणार नाही. नवरीला कसं वाटतं ते तुम्हाला तेव्हा कळेल. हा माझा सूड आहे आणि तो मी सोडणार नाही. कोणी म्हटलं की म्हातारपणी मन मोठं करावं, तर त्यांनी आपलं करावं.

आता एक राहिलं, आणि ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले, नाहीतर मला तुमच्याशी बोलण्याची काही हौस नाही.

आज सकाळी पाणी पाजून झाल्यावर मी भाचीची कालवड वेगळी बांधायला गेले. कोणती द्यायची ते मनात पक्कं होतं. दुसरीच्या वंशातली, कपाळावर तोच ठिपका, नुकतीच अंगाने भरलेली, माझ्या हाताशी येऊन चुनी हुंगणारी. गोठ्यातली सगळ्यात चांगली. मी तिच्याजवळ गेले, मानेवर हात ठेवला, ती माझा पदर चाटायला लागली. आणि मग माझ्या हातात दावं होतं ते शेजारच्या कालवडीचं. ती वाईट नाही. भाचीला कधी कळलंही नसतं. तिला घेऊन मी फाटकापर्यंत पोचले होते, बाबा, तेव्हा मला दिसलं मी काय धरलंय ते. मी ठरवलं नव्हतं. निदान मला तसं आठवत नाही. मी तिला परत नेलं, बांधलं, आणि चांगली सोडून फाटकाशी आणली. ती आता तिथे उभी आहे आणि मी इथे ओट्यावर बसून लिहिते आहे, माझे हात अजून कुटाराने भरलेले आहेत.

यामुळे तुम्हाला माफी मिळत नाही. मी फाटकापासून परत फिरले, तुम्ही मांडवापर्यंत आलात आणि हसलात. पण एक गोष्ट मला आता माहीत करून घ्यायची आहे, आणि ती भाऊ सांगू शकत नाही. त्या दिवशी तुम्ही ठरवून दावं बदललंत, की तुमचाही हात आपोआप शेजारच्या खुंट्याकडे गेला?

हे पत्र मी कोणाच्या हाती देणार नाही. गोठ्यात दावी टांगायची खुंटी आहे, तिथे अडकवून ठेवते. जागा तुम्हाला ठाऊक आहे, तिथेच उभं राहून तुम्ही कान तपासला होता. उत्तर लेखी हवं. एका शब्दाचं चालेल, मोडीत लिहिलंत तरी वाचून घेईन. ‘चूप बस’ हे उत्तर धरलं जाणार नाही. उद्या सकाळी आठ वाजता कालवड न्यायला टेम्पो येतो. त्याच्या आत उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर तुमच्या फोटोखाली जे सांगितलं जाईल त्यात तुम्ही ठरवूनच बदललीत असं सांगितलं जाईल.